आधी बघायचं, मग बोलायचं

मार्थाताईच्या फोनवरून माणसाचा आवाज आला आणि पुढचं काही ऐकायची मला गरजच उरली नाही. दोन वर्षांत तो फोन एकदाही बोलला नव्हता. आजारपणात तिचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं, तेव्हापासून आमचा सगळा कारभार मिस्ड कॉलवर चालायचा... एक म्हणजे ‘घरी पोचले’, दोन म्हणजे ‘जमेल तेव्हा ये’, तीन म्हणजे ‘आज जेवायला काय केलंयस’. त्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते. म्हटलं, एकदा वाजून बंद होईल. तो बंद होईना. चिकटलेल्या बोटांनी उचलला, तर पलीकडे तिच्या शेजारच्या पाटीलबाई. "नीताताई, तुम्ही येता का लगेच?" एवढंच त्या म्हणाल्या. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकत होती, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं होतं. ताई झोपेतच गेली होती. विनय, म्हणजे माझा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ, मी काही सांगायच्या आतच अंथरुणात उठून बसला होता. "ताईच्या फोनवर कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

याला आता सात आठवडे झाले. मधल्या काळात लिहायला बसले की पहिलं वाक्य भांडणाचंच यायचं, कारण मी तिच्यावर रागावले होते... न सांगता गेली म्हणून. नणंद-भावजयीचं नातं आपल्याकडे ओव्यांपासून मालिकांपर्यंत बदनाम आहे, आणि आमचंही काही साखरेच्या पाकातलं नव्हतं. पण चौतीस वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या हिंदू घरातून मी कल्याणच्या या ख्रिस्ती घरात लग्न करून यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या आईने आठवडाभर डोळ्यांना पदर लावला होता. लग्नाच्या आधी ताई एकटी आमच्या घरी आली, चहा प्यायली, दुसरा कप मागून घेतला आणि आईला म्हणाली, "नीता रोज दिवा लावते ना? मग कोनाडा कुठल्या भिंतीला हवा तेवढं सांगा. गवंडी उद्या यायचाय." आईचं रडणं तिथेच थांबलं आणि ती पूर्व-पश्चिमेच्या चर्चेत शिरली. ताई तेव्हा तीस वर्षांची होती. लग्न तिने केलं नाही, आणि का केलं नाही हे कोणाला विचारू दिलं नाही.

सासरचं घर गाण्याचं. सासरे, ज्यांना आम्ही सगळे पप्पा म्हणायचो, झांजा घेऊन ख्रिस्ती कीर्तन करायचे. विनय तबला वाजवायचा. सासूबाई भाजी निवडतानाही सुरात असायच्या. आणि या सगळ्यांत ताई अशी बेसूर, की तिने नुसतं ‘हं’ केलं तरी तबल्याची शाई उतरेल असं विनय म्हणायचा. मंडळीत सगळ्यांची समजूत अशी की देवाची देणगी म्हणजे गाता गळा. (चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतात हे मला लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं. तोवर ‘मंडळी जमली’ असं ऐकलं की पाहुणे आले समजून मी चहाचं आधण ठेवायची.) ताई दहा वर्षांची असताना नाताळच्या गाण्यांच्या तालमीत पप्पांनी तिला प्रेमाने जवळ घेऊन सांगितलं होतं, "बाळा, तू नुसते ओठ हलव." आणि पोरीने ऐकलं. दहाव्या वर्षापासून पस्तिशी उलटेपर्यंत दर रविवारी ती पहिल्या रांगेत उभी राहून ओठ हलवत होती. माझ्या लक्षात आलं ते तिच्या शेजारी उभी राहिल्यावर. मी घरी येताना म्हटलं, "ताई, तुम्ही गात नाही?" तर म्हणाली, "अगं, शोभेला लागतं एखादं माणूस." हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही.

नोकरी तिची ठाण्याच्या खोपट बस डेपोत. आधी आत फायलींमध्ये, मग चौकशीच्या खिडकीत. त्या खिडकीत माइक होता. पहिल्या दिवशी तिने तो जिवावर उदार होऊन हातात घेतला असणार, कारण घरी येऊन तीन ग्लास पाणी प्यायली. पण हळूहळू डेपोत बोलबाला झाला. तिचा आवाज गोड नव्हता. स्वच्छ होता. मुरबाड म्हटलं की मुरबाडच ऐकू यायचं, आणि मधले थांबे ती गिळून टाकायची नाही. फलाट कुठला ते सांगायची, क्षणभर थांबायची, पुन्हा सांगायची. मी एकदा तिच्यासाठी डबा घेऊन गेलेले, तेव्हा तिच्या मागे स्टुलावर बसून बघितलं. माइक तोंडाशी नेण्याआधी ती खिडकीच्या जाळीतून बाहेर बघत बसायची. बराच वेळ. मी म्हटलं, "सांगून टाका ना पटकन, गाडी लागली की." ती म्हणाली, "थांब गं. ती डोक्यावर बोचकं घेतलेली बाई आहे ना, तिला शहापूरला जायचंय. ती नळावर गेली आहे. येऊ दे." बाई आली, तेव्हाच शहापूरची गाडी जाहीर झाली. मला ते तेव्हा वेळखाऊपणाचं वाटलं होतं. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, पालकांशी हुज्जत घालण्यात माझी हयात गेली. एका बाईसाठी थांबणं माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

आता ताईच्या पस्तिशीनंतरचा तो एक रविवार. उपासनेत शास्त्रपाठ करणारे, म्हणजे बायबलमधला उतारा वाचणारे गृहस्थ आजारी पडले आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी, कोणी सुचवलं कुणास ठाऊक, ताईचं नाव पुकारलं. ती उठली. पप्पांनी मान खाली घातली, ती मला अजून दिसते. ताई पुढे गेली, समोरचा माइक सवयीने दोन बोटांनी टिचकी मारून तपासला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

 मग मागच्या बाकावरून एकजण फिस्सकन हसला आणि सगळं उपासनागृह हसायला लागलं. ताईचा चेहरा लालबुंद. ती पुस्तक मिटून परत यायला निघाली होती. तेवढ्यात पाळकसाहेब उठले, हसू आवरत म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या. आपण सगळे प्रवासीच आहोत. आणि लक्ष तर आपण मुळीच देत नाही. वाचा मार्थाबाई." मग तिने वाचलं. तोच उतारा मंडळीने शंभरदा ऐकलेला, पण त्या दिवशी कोणी खोकलंसुद्धा नाही. ती वाचताना मधल्या नावांना गिळत नव्हती, थांबत होती, समोर बघत होती, जणू कोणी नळावर गेलेलं परत यायचंय. त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला पप्पांनी पुस्तक नेहमीसारखं विनयपुढे न करता ताईपुढे केलं.  आणि त्या रविवारपासून आमच्या मंडळीत शास्त्रपाठाआधी तेच वाक्य म्हणायची पद्धत पडली. बाहेरून आलेले पाहुणे दचकतात.

मी त्या धर्मात जन्मले नाही आणि मला कोणी ओढलंही नाही, पण एरवी अधूनमधून जाणारी मी आता ताईला ऐकायला दर रविवारी जायला लागले. पाळकसाहेब वर्षातून एकदा तरी येशूने सांगितलेल्या तीन चाकरांच्या दाखल्यावर, म्हणजे गोष्टीवर, बोलायचे. धनी परगावी जाताना तिघांकडे ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे काही पैसे सोपवून जातो. दोघं ते कामाला लावतात, तिसरा भीतीने खड्डा खणून पुरून ठेवतो, आणि धनी परत आल्यावर बोलणी खातो. तात्पर्य काय, तर देवाने दिलेलं वापरा. सगळे माना डोलवायचे. एकदा उपासनेहून रिक्षाने परतताना ताई म्हणाली, "मला त्या तिसऱ्याची दया येते गं नीता. असा उगाच कोणी पुरून ठेवतं का? त्याला लहानपणी कोणीतरी म्हणालेलं असणार, तू नुसते ओठ हलव."  मग पुढे म्हणाली, "मला निदान माइक तरी मिळाला. आता देवाने विचारलं तर सांगता येईल, काही पुरून ठेवलं नाही म्हणून."

निवृत्तीनंतर चार वर्षांनी घसा बसला तो बसलाच. आम्ही आधी काढे केले, मग वाफारे, मग डॉक्टर. गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज राहिला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने मला सगळं सांगून ठेवलं: गॅसचं पुस्तक कुठे, पाण्याची मोटर कधी, कुंड्यांना किती पाणी. शेवटी म्हणाली, "नीते, तू फार चिडतेस, जरा कमी चिडत जा." तिच्या आवाजात मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. दुसरं काहीतरी चांगलं सांगायचंस की गं... असं मला पुढे कितीदा वाटलं.

त्यानंतरचे सहा महिने वाईट होते. मानेत मधोमध छिद्र, तिथूनच श्वास. त्यावर बांधायला ती जुन्या साड्यांची पातळ रुमालवजा फडकी शिवायची. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं. त्यातून जो घरघराटी आवाज निघाला तो ऐकून तिने वहीत लिहिलं, ‘हा कोण मेला?’ आणि यंत्र खोक्यात गेलं. मंडळीतली माणसं भेटायला यायची. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणायची. ती वहीकडे हातसुद्धा न्यायची नाही. एकदा सगळे गेल्यावर तिने लिहून वही माझ्यापुढे सरकवली. ‘मी पुरून ठेवलं नव्हतं ना? मग का काढून घेतलं?’

मी आयुष्यात कोणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही. त्या दिवशी मात्र शेंगांची पाटी ओढली. तिच्या शेजारी बसून शेंगा सोलल्या, दोघींनी, संध्याकाळ होईपर्यंत. ती चर्चला जायची बंद झाली होती. पहाटेची तिची प्रार्थनाही थांबली होती. पाटीलबाई म्हणायच्या, पहाटे दिवा लागतो, पण प्रार्थनेची खुर्ची सरकल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत नाही. मला भीती वाटायला लागली होती की ही माणूस म्हणूनच मिटून जाणार. पुन्हा तशीच उभी राहणार पहिल्या रांगेत, शोभेला.

तपासणीसाठी दर मंगळवारी ठाण्याच्या इस्पितळात जावं लागायचं. बरोबर मीच, शाळेतून तोवर मीही निवृत्त झाले होते. तिथे मोठ्या दालनात बाकांवर आम्ही नंबर यायची वाट बघत बसायचो. मुरबाड, शहापूर, वाडा, कुठून कुठून माणसं यायची. केसपेपरची खिडकी एकीकडे, रक्ततपासणी दुसरीकडे, एक्स-रे खालच्या मजल्यावर. भिंतीवर बाण, जमिनीवर रंगीत पट्टे, पण ज्याला वाचता येत नाही त्याला सगळे बाण सारखेच. एका मंगळवारी मी पेंगत होते, तर बरगडीत ताईचं कोपर बसलं. "काय आहे?" ती समोर दाखवत होती. औषधांच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात रक्ततपासणीची चिठ्ठी. मी म्हटलं, "कळेल त्यांना पुढे गेल्यावर." दुसरं कोपर, पहिल्यापेक्षा जोरात. उठले बाई. आजोबांना म्हटलं, "तुमची रांग ही नाही, ती तिकडे." ते म्हणाले, "दोन तास हुबा हाय गो, कोनी सांगतलाच नाय." मी त्यांना सोडून परत येते तर ताई जागेवर नव्हती. ती एका बाईचा हात धरून तिला जिन्याकडे घेऊन चालली होती. एक शब्द नाही. बाईही मुकाट्याने जात होती, जशी आपल्या मोठ्या बहिणीबरोबर जाईल तशी.

घरी आल्यावर वही उघडली. तिचं अक्षर नेहमी शिस्तीचं, त्या दिवशी ओळीबाहेर गेलेलं. ‘मला वाटायचं मी बोलते म्हणून लोकांना गाडी मिळते. पण मी आधी बघायची, मग बोलायची. बघणं अजून आहे.’ आणि खाली, ‘बोलायला तू आहेस.’ मी म्हटलं, "ताई, माझा आवाज भांडणाचा आहे." तिने लिहिलं, ‘चालेल.’

मग काय, आमचे मंगळवार सुरू झाले. तपासणी महिन्यावर गेली, तरी मंगळवार दर आठवड्याचाच राहिला. बघायचं तिने, बोलायचं मी. कोपराच्या दाबावरून मला कळायला लागलं की सावकाश सांगायचंय की खडसावायचंय. एकदा गॉगल लावलेला एक इसम साऱ्या रांगेला वळसा घालून खिडकीत हात घालायला लागला, तेव्हा ताईने दोन्ही हातांनी मला पुढे ढकललं. शाळेच्या ऑफिसातली माझी सगळी कमाई मी त्या दिवशी खर्चून टाकली. तो गृहस्थ शेवटी रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि वर मला ‘सॉरी मॅडम’ म्हणाला. ताई तोंडावर पदर घेऊन हसत होती, खांदे गदगदत होते. ज्या तोंडाळपणाबद्दल मी माहेरी-सासरी बोलणी खाल्ली, त्याचाही कोणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिला विचारलंही, "ताई, भांडकुदळपणा ही पण देवाची देणगी असते का?" तिने जरा विचार करून लिहिलं, ‘तुझ्या बाबतीत त्याने हात सैल सोडला.’

ती पुन्हा चर्चला यायला लागली. पाळकसाहेबांनी तिला साक्ष द्यायला सांगितलं. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. तिने लिहून दिलं आणि वाचायला मला उभं केलं. मी म्हटलं, अहो, मी तुमच्या मंडळीतली पण नाही. तिने ऐकलं नाही. मोठंसं काही नव्हतं त्यात. ‘मी देवावर रागावले होते. अजूनही कधी कधी रागावते. माझा आवाज का गेला ते मला कळलेलं नाही आणि कोणी मला समजावू नये. मंगळवारी मात्र रागवायला वेळ नसतो.’ एवढंच. मी वाचून खाली बसले. कोणी ‘आमेन’ म्हणावं की नाही या विचारात मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग म्हणाली.

आणि अशातच ती गेली. दफनविधीला सगळी मंडळी सुरात गायली. विनय तबला वाजवायच्या मनःस्थितीत नव्हता, तरी बोटं गुडघ्यावर चालत होती.

नंतरचे मंगळवार मी घरी काढले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. बोलायला काय, मी कुठेही बोलेन. पण बघणं माझं नव्हतंच कधी. घरात चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी बाई मी. विनयने मिशी काढली तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. कोपराशिवाय मी तिथे नुसती बडबड करणार, आणि कोणाशी? दोन वर्षं जे चाललं ते तिचं होतं, मी फक्त उसना आवाज दिला होता, आणि ते तिच्याबरोबर संपलं... असं मी मनाशी पक्कं केलं. कपाट आवरताना तिने शिवलेली ती फडकी निघाली, इस्त्री केलेली, दोऱ्याने बांधलेली, मोजली नाहीत पण बरीच होती. तिच्यासारखं ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील म्हणून गेल्या मंगळवारी ती घेऊन इस्पितळात गेले. सिस्टरनी घेतली, हातात धरून बघितली, म्हणाल्या, "काय बारीक टाका आहे." काम झालं होतं. निघायचं तर पाय बाकाकडे वळले, बसले पाच मिनिटं.

गर्दी नेहमीसारखीच. मला ती नेहमीसारखीच नुसती गर्दी दिसत होती. मग एक म्हातारी दिसली. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावरून ती पाऊल टाकत चालली होती. कोणीतरी तिला सांगितलं असावं, पट्टा धरून जा. पट्टा भिंतीपाशी संपत होता. ती भिंतीपर्यंत गेली, तिथे थांबली, वळली आणि पुन्हा तोच पट्टा धरून उलटी आली. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. ही तिची तिसरी फेरी होती. तिसरी हे मला कसं ठाऊक, असा प्रश्न मनात आला तेव्हा मी उठून उभी होते, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या मी बघितल्या होत्या. मला एकदम रडू आलं. भर दालनात, तोंडात पदर वगैरे काही नाही, सरळ रडले, आणि तशीच तिच्याकडे गेले.

"आजी, कुठे जायचंय?"

"हाडाच्या डॉक्टरकडं. ह्यो पट्टा तं संपला."

मी तिचा हात धरला. जिन्याशी जरा थांबून तिला दम घेऊ दिला. तिने माझ्या ओल्या तोंडाकडे बघितलं, खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "बाय, तू हितं कामाला हाय का गं?"

"हो आजी," मी म्हटलं. "दर मंगळवारी असते."